त्रिकोणाच्या कोपऱ्यात कोण बसवायचे?

भोपाळच्या चार इमली या वसाहतीतून निघून विदिशेच्या रस्त्याला लागले की साठेक किलोमीटरवर, बेसनगरपाशी, एक दगडी खांब उभा दिसतो. आसपासचे लोक त्याला खाम बाबा म्हणतात. तो कोणी उभारला हे त्यावरच्या ब्राह्मी लेखात लिहिलेलेच आहे. तक्षशिलेचा रहिवासी, दियाचा मुलगा हेलिओडोरस हा अंतलिकित या ग्रीक राजाचा दूत म्हणून विदिशेच्या भागभद्र राजाच्या दरबारी आला आणि वासुदेवाचा भक्त या नात्याने त्याने हा गरुडध्वज उभारला. काळ इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. अथेन्समधले पार्थेनॉन तेव्हा सव्वातीनशे वर्षांचे झाले होते.

ग्रीक मंदिर म्हटले की डोळ्यांपुढे ओळीने उभे खांब येतात आणि त्यांच्यावरचा तो रुंद, बुटका, मूर्तींनी भरलेला त्रिकोण येतो. त्याला पेडिमेंट म्हणतात. आपल्याकडे बँका, न्यायालये, जुनी टाउन हॉल यांच्यावर तो दिसतो. मग एक ग्रीक माणूस विदिशेपर्यंत येऊन पोहोचला, तर हा त्रिकोण का पोहोचला नाही? साँची, विदिशा, भोजपूर, उदयपूर ही चार इमलीच्या आवाक्यातली सगळी ठिकाणे पालथी घातली, तरी मूर्तींनी भरलेला असा त्रिकोण सापडत नाही. याचे कारण अभिरुचीत शोधण्यापेक्षा छपरात शोधावे.

ग्रीक मंदिराचे छप्पर दुपाखी असे. कोकणातल्या कौलारू घरासारखेच: मध्ये आढे, दोन्ही बाजूंना उतरते वासे, वर कौले. अशा छपराच्या दोन्ही टोकांना त्रिकोणी पोकळी उरतेच. ग्रीकांनी ती भिंतीने बंद केली. खालून खांबांवरची आडवी तुळई आणि तिचा पुढे आलेला कंगोरा, वरून दोन तिरपे कंगोरे, आणि मागे ही भिंत. झाला एक उथळ कोनाडा. त्यातून ग्रीकांनी मंदिराचे तोंड अरुंद बाजूला ठेवलेले असल्यामुळे छपराचे हे टोक थेट दर्शनी भागावर आले. येणाऱ्या प्रत्येकाची नजर तिथे जाणार, म्हणजे देवाची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नाही.

पण ही जागा शिल्पकाराची परीक्षा पाहणारी होती. ग्रीक छपराचा उतार फार सौम्य. पार्थेनॉनच्या दर्शनी त्रिकोणाची लांबी सुमारे २८ मीटर आणि मधोमध उंची जेमतेम साडेतीन मीटर. मध्यावर माणसाच्या दुप्पट उंचीची मूर्ती उभी राहील. टोकाला मात्र मूठही शिरायची नाही. एकच गोष्ट अशा जागेत कशी मांडायची?

कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या मंदिरात, इसवी सनपूर्व ५८० च्या सुमारास, शिल्पकाराने सरळ मार्ग धरला. मध्यावर जवळजवळ तीन मीटर उंचीची, डोळे वटारलेली, जीभ बाहेर काढलेली गॉर्गन. तिच्या दोन्ही बाजूंना दोन बिबटे. आणि कोपऱ्यांत भलत्याच प्रसंगांतली अगदी छोटी माणसे. जागा कमी पडली की मूर्ती लहान केली. त्यामुळे त्रिकोण भरला, पण गोष्ट तुटली. एकाच चौकटीत राक्षसीण आणि बाहुल्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

पुढच्या शंभर वर्षांत ग्रीकांनी यावर उपाय शोधला. मूर्तींचे माप बदलायचे नाही, त्यांची अवस्था बदलायची. ईजायना बेटावरच्या अफाया देवीच्या मंदिरात इसवी सनपूर्व ५०० ते ४८० च्या दरम्यान ट्रॉयच्या लढायांचे प्रसंग कोरले गेले. मध्यावर अथीना ताठ उभी. तिच्या बाजूला वार करणारे योद्धे, मग पुढे झेपावलेले, मग गुडघा टेकून बाण सोडणारे तिरंदाज, आणि अगदी कोपऱ्यात जखमी होऊन आडवे पडलेले. उतरत्या छपराखाली माणसे कमी होत जाणाऱ्या उंचीने उभी राहिली, वाकली, बसली, पडली. युद्धाचा प्रसंग निवडल्यामुळे हे सगळे स्वाभाविक वाटते. या मूर्ती १८११ साली सापडल्या आणि आज म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात आहेत. डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेनने त्यांचे तुटलेले अवयव नव्याने घडवून बसवले होते. विसाव्या शतकात ते पुन्हा काढून टाकले गेले.

ऑलिंपिया इथल्या झ्यूसच्या मंदिरात कोपऱ्यांसाठी आणखी शांत उत्तर सापडले. पूर्वेच्या त्रिकोणात पेलोप्स आणि ओइनोमाओस यांच्या रथशर्यतीच्या आधीचा क्षण आहे. अजून काहीच घडलेले नाही, मध्यावरची माणसे नुसती उभी आहेत. दोन्ही टोकांना कोपरावर रेलून पहुडलेले पुरुष आहेत, ते अल्फिओस आणि क्लादेओस या नद्यांचे देव समजले जातात. ऑलिंपियाचे क्षेत्र या दोन नद्यांच्या संगमाजवळच वसलेले आहे. म्हणजे कोपऱ्यातल्या मूर्तींनी जागा भरली आणि प्रसंगाचे ठिकाणही सांगून टाकले.

पार्थेनॉनवर या विद्येचा कळस झाला. मंदिराचे काम इसवी सनपूर्व ४४७ मध्ये सुरू झाले आणि त्रिकोणांतल्या मूर्ती ४३८ ते ४३२ या काळात घडल्या. अॅक्रोपोलिस टेकडीवर चढणाऱ्याला आधी पश्चिमेची, म्हणजे मंदिराची मागची बाजू दिसते. तिथे अथेन्स कोणाचे यावरून अथीना आणि पोसायडन यांचा वाद रंगलेला होता. मंदिराला वळसा घालून पूर्वेच्या दाराशी आले की झ्यूसच्या मस्तकातून अथीनेचा जन्म. या पूर्वेच्या त्रिकोणातले कोपरे बघण्यासारखे आहेत. डाव्या टोकाला सूर्यदेव हेलिओसचे घोडे माना वर काढून समुद्रातून येताहेत, आणि उजव्या टोकाला चंद्रदेवी सेलीनीचा दमलेला घोडा खाली बुडतो आहे. त्रिकोणाची तळरेघ क्षितिज झाली. मूर्ती अर्धी कापली गेली ती जागा नव्हती म्हणून, हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. अथीना जन्मली ती पहाट होती, एवढेच त्याला कळते.

या मूर्ती भिंतीतून उठवलेल्या नव्हत्या. चारही बाजूंनी कोरलेले स्वतंत्र संगमरवरी पुतळे खालच्या कंगोऱ्यावर उभे केले होते. वजन कंगोऱ्याला पेलेल की नाही या काळजीने काही जड मूर्तींखाली लोखंडी पट्ट्या बसवल्या होत्या. त्यांच्या खाचा आजही दिसतात. कुणालाही कधी दिसणार नव्हत्या त्या पाठीसुद्धा मन लावून घडवल्या आहेत. आणि हे सगळे रंगवलेले होते. आज ग्रीक शिल्प म्हटले की पांढरे, असा समज झाला आहे, पण तो पांढरेपणा काळाने आणलेला. मूळ त्रिकोण लाल-निळ्या रंगांत झळकत असे, नाहीतर खाली उभ्या माणसाला इतक्या उंचीवरचे काही उमगलेच नसते.

पूर्वेच्या त्रिकोणाचा मधला भाग मंदिराचे चर्च होताना गेला. १६७४ मध्ये एका फ्रेंच चित्रकाराने उरलेल्या मूर्तींची रेखाटने केली, हे फार बरे झाले. कारण १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आत साठवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला आणि मंदिर मधून फुटले. १८०१ पासून लॉर्ड एल्जिनने उरलेल्यांपैकी बऱ्याच मूर्ती उतरवून इंग्लंडला नेल्या; १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्या विकत घेतल्या. त्या परत द्याव्यात ही ग्रीसची मागणी आजही कायम आहे.

आता हेलिओडोरसच्या गावाकडे, तक्षशिलेकडे, येऊ. तिथल्या सिरकप नगरात जॉन मार्शल यांनी उत्खनन केले. साँचीच्या स्तूपांची डागडुजी करून त्यांना आजचे रूप दिले ते याच मार्शल यांनी. सिरकपमध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक स्तूप आहे. त्याच्या कोनाड्यावर दोन डोक्यांचा गरुड बसलेला असल्यामुळे तो त्याच नावाने ओळखला जातो. चौथऱ्याच्या दर्शनी भिंतीवर ग्रीक धाटणीचे खांब कोरले आहेत आणि त्यांच्यामध्ये कोनाडे. पायऱ्यांलगतच्या कोनाड्यांवर ग्रीक त्रिकोण. त्यापुढच्यांवर पिंपळपानासारखी टोकदार चैत्यकमान. त्यापुढच्यांवर साँचीला असते तसे तोरण. दारावर काय असावे, याची तीन उत्तरे एका ओळीत मांडलेली. कारागिराला तिन्ही येत होती. ग्रीक त्रिकोण भारताच्या वायव्य सीमेपर्यंत आला होता, लोकांना माहीतही होता. दक्षिणेकडे उतरताना मात्र बाकीची दोन उत्तरे टिकली आणि त्रिकोण मागे राहिला.

कारण इथल्या सुतारांचे छप्पर वेगळे होते. वाकवलेल्या लाकडी फासळ्यांवर उभारलेले, कमानीसारखे गोलाकार छप्पर. भाजे आणि कार्ल्याच्या चैत्यगृहांत ते अजून पाहता येते. कार्ल्याला डोंगर पोखरून सुमारे ३८ मीटर लांबीचे दालन काढले आहे. त्या दगडी छताला कसल्याही आधाराची गरज नव्हती, तरी त्याला लाकडी फासळ्या लावल्या आणि दोन हजार वर्षांनंतरही त्या तिथे आहेत. अशा छपराचे टोक कापले की त्रिकोण मिळत नाही, घोड्याच्या नालेसारखी कमान मिळते. ग्रीकांचा त्रिकोण आणि आपली चैत्यकमान ही तशी सख्खी भावंडे: दोन्ही लाकडी छपराची टोके, दोन्ही पुढे दगडात उतरली, आणि छप्पर बदलले तरी दोन्ही टिकून राहिली. पुढे चैत्यकमान इतकी लहान झाली की मंदिरांच्या शिखरांवर तिची जाळी विणली गेली. मध्य प्रदेशातल्या मंदिरांच्या बाह्य भिंतीवर देवकोष्ठांच्या माथ्यावर जो निमुळता उद्गम दिसतो, तो लांबून त्रिकोणी भासतो. जवळ गेले की कळते, एकात एक गुंतलेल्या चैत्यकमानींची ती उतरंड आहे.

साँचीला टेकडीवर सतरा क्रमांकाचे छोटे मंदिर आहे, पाचव्या शतकातले, गुप्तकालीन. एक चौकोनी गाभारा आणि पुढे चार खांबांचा मुखमंडप. मोजके, नेटके, प्रमाणबद्ध. बघताना ग्रीक मंदिराची आठवण व्हावी असेच ते आहे. पण नजर खांबांच्या वर गेली की तिथे सपाट दगडी छत आहे. छप्पर सपाट, म्हणून त्याला टोक नाही, आणि टोक नाही म्हणून त्रिकोण नाही. उलट काश्मीरकडे पाहावे. तिथे बर्फ पडते, छप्पर तीव्र उताराचे लागते, आणि तिथल्या मार्तंड, पांद्रेठाण यांसारख्या जुन्या मंदिरांच्या दारांवर ठसठशीत त्रिकोण आहेत. त्यांच्या आत त्रिदल कमान बसवलेली आहे.

मग विदिशेच्या कारागिरांनी गोष्टी सांगितल्या कुठे? साँचीच्या तोरणांवर. मोठ्या स्तूपाच्या चार दारांवरच्या तीन-तीन आडव्या तुळयांवर. उत्तरेकडच्या तोरणाच्या सर्वांत खालच्या तुळईवर वेस्संतर जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची कथा, पुढून सुरू होते आणि मागच्या बाजूला जाऊन संपते. लांब पट्टीला मध्य नसतो, त्यामुळे तिच्यावर राजा, रथ, मुले, अरण्य सारख्याच मापाने एकामागून एक येऊ शकतात. दक्षिण तोरणावरचे दोन लेख मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावेत. एकानुसार वरची तुळई राजा श्री सातकर्णी याच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याने दान दिली. हा राजा सातवाहन कुळातला, ज्या कुळाशी आपल्या पैठणचे नाव जोडलेले आहे. दुसऱ्या लेखात म्हटले आहे की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले. मूर्तींची ती दाटी आणि बारकावा पाहिला की हाताची सवय ओळखू येते.

देवाची एकच मोठी मूर्ती दारावर बसवायची कल्पना आपल्याकडेही पुढे आली. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या तेली का मंदिराला गोलाकार लांबट छप्पर आहे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकावर एक चढवलेल्या भव्य चैत्यकमानी आहेत. ग्रीक त्रिकोणाच्या सर्वांत जवळ जाणारी भारतीय गोष्ट कोणती विचारले तर मी हे मंदिर दाखवेन. बाकी बहुतेक मंदिरांत ही जागा शुकनासाने घेतली. शिखराच्या समोरच्या बाजूने, गाभारा आणि मंडप यांना जोडणाऱ्या अंतराळाच्या वर, पुढे आलेले हे नाक. त्याच्या दर्शनी तोंडावर चैत्यकमान आणि कमानीत देव.

त्याचा देखणा नमुना विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरला आहे. भोजाच्या नंतरचा परमार राजा उदयादित्य याने बांधलेले उदयेश्वर मंदिर १०८० च्या सुमारास पूर्ण झाले. शिखर भूमिज पद्धतीचे, म्हणजे अंबरनाथच्या शिवमंदिराच्या घराण्यातले. अंबरनाथचा शिलालेख शके ९८२ चा, इसवी सन १०६० चा आहे, म्हणजे दोन्ही मंदिरे एकाच पिढीतली. उदयेश्वराच्या शुकनासावर मोठे वर्तुळ आहे आणि त्यात नृत्य करणारा शिव. इथे कोपऱ्यांची अडचणच नाही. वाकलेले गुडघे, पसरलेले हात हे सगळे गोलात सहज सामावते. पण वर्तुळ जे देते ते हिरावूनही घेते. त्यात एक देव मावतो, फार तर दोन सेवक. शर्यतीच्या आधीची घालमेल, पडलेला योद्धा, उगवता सूर्य या साऱ्यांना त्यात जागा नाही. शुकनासावर देवाचे दर्शन होते. त्याची कथा ऐकायला भिंतीवरच्या पट्ट्यांकडे जावे लागते. ग्रीक त्रिकोणाने दर्शन आणि कथा एकाच जागी कोंबायचा प्रयत्न केला, म्हणून त्याला इतकी कसरत करावी लागली.

त्रिकोण पुन्हा भारतात आला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून. या वेळी त्याला देव नको होते. लंडनमधल्या ईस्ट इंडिया हाउसच्या दर्शनी त्रिकोणात पूर्वेकडच्या व्यापाराचे रक्षण करणारा राजा तिसरा जॉर्ज मध्यावर उभा केलेला होता; ती इमारत १८६१ मध्ये पाडली गेली. चेन्नईतल्या आजच्या राजाजी हॉलच्या, म्हणजे १८०२ मध्ये झालेल्या बँक्वेटिंग हॉलच्या, त्रिकोणांत प्लासी आणि श्रीरंगपट्टणच्या विजयांची चिन्हे भरली. हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या त्रिकोणात कंपनीचे मानचिन्ह आले. मध्यावर सर्वांत मोठा आणि कडेला लहान, ही त्रिकोणाची मूळ शिस्त सत्तेला फार सोयीची होती.

मुंबईचे टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत, १८३३ मध्ये पूर्ण झाली. लष्करी अभियंता थॉमस कूपर याने ती आखली. तीस पायऱ्या, आठ भक्कम डोरिक खांब आणि वर त्रिकोण. त्या त्रिकोणात गोष्ट नाही. त्या काळच्या इंग्रजांना इटलीतल्या पेस्टमच्या मंदिरांची रांगडी, शिल्पविरहित धाटणी आवडू लागली होती, आणि तिथल्या त्रिकोणांतही मूर्ती नव्हत्याच. मुंबईच्या दगडी कामात माणसे आली ती पुढच्या पिढीत, गॉथिक वळणाच्या इमारतींवर. १८६९ च्या क्रॉफर्ड मार्केटच्या, आजच्या महात्मा ज्योतिबा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारांवर लॉकवुड किपलिंग यांची उठावशिल्पे आहेत. त्यांत राजा नाही, विजय नाही. इथले शेतकरी आहेत. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर, १८८७ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीत, तीव्र उताराच्या त्रिकोणी भिंतींच्या माथ्यावर शेती, व्यापार, अभियांत्रिकी यांच्या मानवरूपातल्या मूर्ती आहेत. त्रिकोणाच्या पोटात बसायचे सोडून त्या टोकावर जाऊन उभ्या राहिल्या. बाकीचे पानाफुलांचे, पशुपक्ष्यांचे कोरीवकाम मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी केले.

चार इमलीजवळच्या अरेरा टेकडीवर चार्ल्स कोरिया यांनी मध्य प्रदेशचे विधानभवन बांधले तेव्हा जगभरच्या संसदांना प्रिय असलेला हा त्रिकोण त्यांनी घेतला नाही. १९९६ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत गोल आहे, तिचा घुमट साँचीच्या स्तूपाची आठवण करून देतो. त्याच शहरातल्या नव्या वसाहतींत मात्र आज काँक्रीटच्या सपाट स्लॅबसमोर खांब आणि त्रिकोण उभे केलेले बंगले दिसतात. मागे उतरते छप्पर नसलेला त्रिकोण म्हणजे भिंतीला लावलेला मुखवटा. बाजूला जाऊन पाहिले की तो लगेच उघडा पडतो.

तेव्हा कुठलाही जुना त्रिकोण समोर आला की आधी एक पाऊल बाजूला सरकून मागे छप्पर आहे का ते पाहावे. मग मध्यावर कोण आहे ते पाहावे. तिथे देव, राजा किंवा कंपनी, ज्याने पैसे दिले त्याच्या मनातले असते. आणि सर्वांत जास्त वेळ कोपऱ्यांना द्यावा. मधली मूर्ती कोणाची हे मालक ठरवतो. मुठीएवढ्या जागेत काय करायचे, हे मात्र शिल्पकारालाच ठरवावे लागते, आणि तिथेच त्याचे कसब कळते.